मला काही नको

मराठी मध्यमवर्गीय घरात मृत्युपत्र नसतं असं म्हणणारी माणसं घरात फारशी राहिलेली नसतात. मृत्युपत्र असतंच. ते तोंडी असतं आणि आठवड्यातून दोनदा बदलतं, एवढंच. पाटल्या रिठ्याच्या पाण्यात घासता घासता आजी धाकट्या नातीला म्हणते, "या तुला हो." मे महिन्यात थोरली नात येऊन चार दिवस पाय चेपून गेली की त्याच पाटल्या तिच्या होतात. दिवाळीत सुनेच्या चकल्या मोडल्या नाहीत, की सुनेच्या. यात आजी कुणाशीही खोटं बोलत नसते. त्या त्या क्षणी तिला अगदी मनापासून तसंच वाटत असतं. पुढे आजी जाते, तेराव्याचं गोडाचं जेवण होतं, आणि दोन पाटल्यांना तीन मालकिणी निघतात. तिघींकडेही शब्द असतो, आणि तिन्ही शब्द खरे असतात.

१९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा तोंडी मृत्युपत्र अजिबात मानत नाही असं नाही. पण ती मुभा मोहिमेवरचा सैनिक, वैमानिक आणि समुद्रावरचा खलाशी यांच्यापुरती आहे. चाळीस माणसांच्या पुरणपोळ्या लाटणारी बाई मोहिमेवर असते हे घरात कुणालाही पटेल. कायद्याला अजून पटलेलं नाही.

म्हणून आमच्या भाऊकाकांनी रीतसर लेखी मृत्युपत्र करायचं ठरवलं तेव्हा घराण्यात खळबळ उडाली. निमित्त झालं त्यांच्याच डोंबिवलीच्या इमारतीतल्या एका मृत्यूचं. म्हणजे मृत्यूचं नव्हे, नंतरच्या भांडणाचं. गृहस्थ बिचारे झोपेतच शांतपणे गेले. पण इमारतीखालच्या पार्किंगच्या जागेवरून त्यांचे दोन मुलगे असे भांडले की दहाव्याच्या पिंडाला कावळा शिवेना. ज्या जागेवरून भांडण होतं तिथे कित्येक वर्षं बंद पडलेली एक स्कूटर उभी होती, आणि मुलांपैकी एक बंगळुरूला, दुसरा मस्कतला. दोघांनाही डोंबिवलीत काही पार्क करायचं नव्हतं.

भाऊकाकांनी तिन्हीसांजेला विषय काढला. काकू म्हणाल्या, "दिवेलागणीला काय हे अभद्र!" म्हणून सकाळी काढला. "सकाळी सकाळी?" दुपारी काकू झोपतात. एकूण चोवीस तासांत या विषयाला जागा नाही असं ठरलं. मग काकांनी गुरुजींना मुहूर्त विचारला. पंचांगात मुंज आहे, वास्तुशांत आहे, वाहनखरेदीसुद्धा आहे, पण मृत्युपत्राचा रकाना नाही. गुरुजी अनुभवी. ते म्हणाले, "कधीही करा. फक्त पितृपक्ष टाळा. उगाच वरच्यांचा समज होईल, तुम्ही रांगेत उभे आहात."

कोणाला काय द्यायचं हे ठरवण्याआधी आपल्याकडे काय आहे ते ठरवावं लागतं, आणि इथेच बहुतेकांची मृत्युपत्रं संपतात. काकांनी दिवाणाखालची पत्र्याची पेटी ओढली. पाव टक्का व्याज जास्त म्हणून पाच बँकांत विखुरलेल्या ठेवी निघाल्या. त्यातल्या एका बँकेचं दुसऱ्या बँकेत विलीनीकरण झालं होतं आणि ती दुसरी तिसरीत गेली होती. कागदी शेअर सर्टिफिकेटं निघाली. २०१९ पासून कागदी शेअर दुसऱ्याच्या नावावर होत नाहीत, आधी डिमॅट करावे लागतात, हे काकांना माहीत होतं. पण ती कंपनी काय बनवायची ते आता कुणालाच आठवत नव्हतं. एक इंदिरा विकास पत्राची झेरॉक्स निघाली. इंदिरा विकास पत्रावर मालकाचं नाव नसायचं. ज्याच्या हातात पत्र, त्याचे पैसे. काकांनी मूळ पत्र सुरक्षित ठेवायचं म्हणून कुठेतरी ठेवलं होतं आणि झेरॉक्स पेटीत.

पेटीच्या तळाशी कोकणातल्या जमिनीचा सातबारा होता. त्यावर इतकी नावं होती की मला आधी ती मतदारयादी वाटली. निम्मे खातेदार कैलासवासी, उरलेल्यांतले काही कुठे असतात ते इतरांना ठाऊक नाही. काकांचा हिस्सा जुन्या हस्तलिखित उताऱ्यात आण्यापैत लिहिलेला. आणे बंद होऊन जमाना लोटला, पण कोकणातली जमीन अजून आण्यांतच वाटलेली आहे. गणित मांडून पाहिलं तर काकांच्या वाट्याला साधारण एका हापूसच्या कलमाची सावली येत होती. तीही दुपारनंतरची.

"एवढं सगळं लिहायचं कशाला?" काकू म्हणाल्या. "आपल्यामागे मुलं घेतील समजून."

मुलं समजून घेत नाहीत, हे सांगायला मोठमोठ्या संस्था काढाव्या लागल्या आहेत. दहा वर्षं कुणी हात न लावलेली बँक ठेव रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जाते. तो निधी २०१४ पासून आहे. सात वर्षं कुणी न मागितलेला लाभांश केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार निधीत जातो, आणि पाठोपाठ शेअरही. वारसांना शोधता यावं म्हणून रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये 'उद्गम' नावाचं संकेतस्थळ काढलं. आजोबांनी पाव टक्क्यासाठी कुठल्या पेठेतल्या कुठल्या शाखेत पैसे ठेवले होते, हे नातू आता तिथे शोधतात. मराठी माणूस दान करत नाही हा आरोप म्हणूनच मला मान्य नाही. तो करतो, पण त्याला ते कळत नाही.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. काकूंनी ती फक्त आपल्या बहिणीला सांगितली होती. त्या आठवड्यात काकांकडे आलेल्या माणसांची संख्या त्यांच्या एकसष्टीला आलेल्यांपेक्षा जास्त होती. भाचा आंब्याची पेटी घेऊन आला. तो गेली काही वर्षं आंबे विकत असे, त्या वर्षी भेट द्यायला लागला. एक लांबचा पुतण्या येऊन काकांच्या मोबाइलमधली जागा मोकळी करून गेला. आणि प्रत्येकाने जाताना चपला घालता घालता एकच वाक्य टाकलं. "भाऊकाका, मला काही नको हं."

या वाक्याचा अभ्यास व्हायला हवा. न्यू जर्सीच्या दादाने ते व्हिडिओ कॉलवर उच्चारलं. "बाबा, मला काही नको, तुम्ही दोघं आनंदात राहा." इथपर्यंत ठीक. पण पुढे तो म्हणाला, "फक्त फ्लॅटचं काय ते नीट क्लिअर ठेवा." नाशिकची ताई म्हणाली, "मला कशाला? दादालाच द्या सगळं. तो लांब आहे, त्याला गरज असेल." हे वाक्य कागदावर उतरवलं तर त्यागाचं वाटतं. ताईच्या आवाजात ऐकलं तर सुभाषित वाटत नाही. सून काहीच बोलली नाही, आणि काकूंच्या मते तेच सगळ्यात जास्त बोलणं होतं. घरी धुणंभांडी करणाऱ्या मावशी तेवढ्या सरळ म्हणाल्या, "भाऊ, मला तो मिक्सर द्या. आत्ताच." दिला. त्या दिवसापर्यंतचं एवढं एकच वाटप अंमलात आलं होतं.

मृत्युपत्र केलंच नाही तर काय होतं, हे काकांनी वकिलांना विचारलं. वकील त्यांच्या मित्राचे चिरंजीव, त्यामुळे फी न घेता घाबरवत होते. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पुरुष मृत्युपत्राविना गेला तर बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई हयात असल्यास आई, या सगळ्यांना समान वाटा. "म्हणजे हिला आणि न्यू जर्सीवाल्याला सारखंच?" काका म्हणाले. वकील म्हणाले, "होय." काकूंनी आतून विचारलं, "काय म्हणाले ते?" पन्नासेक वर्षं या माणसाच्या पथ्याचं सांभाळल्यावर कायदा आपल्याला एक तृतीयांश फ्लॅट देतो, म्हणजे हिशेबाने स्वयंपाकघर आणि बाल्कनीचा दांडा, हे कळल्यावर मृत्युपत्र अभद्र आहे हे मत काकूंनी त्याच दिवशी बदललं.

मुलींच्या हिश्शाबद्दल मात्र आपल्याकडे हसता हसता दात लागतात. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मतः मुलाइतका हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्येच केली. केंद्राने ती २००५ मध्ये केली. म्हणजे आपण अकरा वर्षं पुढे होतो. आणि ती अकरा वर्षं, व नंतरचीही, आपण हक्कसोडपत्रं करण्यात घालवली. भाऊबीजेला भाऊ ताटात साडी घालतो. साडीची घडी मोडायच्या आत बहीण दुय्यम निबंधकाच्या कचेरीत बोटाचा ठसा देऊन जमिनीतला वाटा सोडते, आणि वर "माहेर राहिलं पाहिजे ना" असं म्हणते. एका साडीत चार एकर, असा भाव दुसऱ्या कुठल्या बाजारात मिळत असेल असं वाटत नाही. भाऊकाकांच्या दोन बहिणींनी त्यांच्या काळी अशीच सही केली होती. हा विषय निघाला की काका चष्मा पुसायला लागतात.

काकूंची ती बहीण म्हापशाला असते. ती फोनवर म्हणाली, "आमच्या गोंयात असलं काही नाही. आमच्याकडे पोर्तुगिजांच्या वेळेपासून ठरलेलं आहे." खरंच आहे. तिथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेला कायदा निम्मी मालमत्ता सक्तीच्या वारसांसाठी राखून ठेवतो. मुलाबाळांना डावलून सगळंच्या सगळं देवळाला देता येत नाही. म्हणजे गोव्यातला बाप मुलावर रुसला तर फक्त निम्माच रुसू शकतो. इथल्या बापाला, निदान स्वकष्टाच्या कमाईपुरतं, पूर्ण रुसायची सोय आहे. हे स्वातंत्र्य आपण वापरत नाही, पण ते आहे याची आठवण मुलांना महिन्यातून एकदा करून देतो.

"मग आत्ताच मुलांच्या नावावर करून टाका की," असं एका शेजाऱ्याने सुचवलं. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन बायकोमुलांना, नातवंडांना बक्षीसपत्राने द्यायची तर मुद्रांक शुल्क अवघं २०० रुपये, स्थानिक अधिभार काय असेल तो वेगळा. स्वस्तच म्हणायचं. पण भाऊकाका ताडकन म्हणाले, "मी 'नटसम्राट' तीनदा पाहिलंय!" चर्चा संपली. १९७० साली ते नाटक रंगभूमीवर आलं आणि मराठी बापाने हयातीत घर मुलांच्या नावावर करणं जवळपास सोडलं, असं माझं निरीक्षण आहे. लोक म्हणतात नाटकाने समाज बदलत नाही. अप्पासाहेब बेलवलकरांनी भोगलं ते पाहून किती फ्लॅट वाचले याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. मुलांनी सांभाळायच्या अटीवर मालमत्ता दिली आणि त्यांनी सांभाळलं नाही, तर ते हस्तांतर रद्द करून घेता येतं असा कायदा पुढे २००७ मध्ये झाला. बेलवलकरांना तो सदतीस वर्षं उशिरा मिळाला. शिवाय त्यांनी अट घातली नव्हती.

सोसायटीच्या सेक्रेटरींचं म्हणणं वेगळंच. "भाऊ, तुम्ही कशाला डोकं शिणवता? नॉमिनी लावलाय ना? मग झालं!" नॉमिनी म्हणजे मालक, ही समजूत आपल्याकडे गणपती दूध पितो या समजुतीपेक्षा टिकाऊ ठरली आहे. विम्याचा नॉमिनी पैसे घेऊन वारसांपर्यंत पोचवणारा हात आहे, स्वतः धनी नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये सांगितलं (जवळच्या नात्यातल्या नॉमिनीपुरता विम्याचा कायदा २०१५ मध्ये बदलला). शेअरच्या नॉमिनीबद्दल तेच २०२३ मध्ये पुन्हा सांगितलं. आता १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या ठेवीला चार नॉमिनी लावता येतात, म्हणजे गैरसमज करून घ्यायला चार माणसांची सोय झाली. काकांनी हे सगळं सेक्रेटरींना समजावलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "ते कोर्टात असेल. आमच्या सोसायटीत नॉमिनी म्हणजे मालक."

आता दानधर्म. काकांना एकूणातला दहावा हिस्सा चांगल्या कामाला द्यायचा होता. काकू म्हणाल्या, "चांगलं काम म्हणजे कुठलं?" या प्रश्नावर पुढची दोन वर्षं गेली.

आपल्याकडे दान आणि नाव यांचं लग्न फार जुनं आहे, आणि ते वाईटच असतं असं नाही. सर विठ्ठलदास ठाकरसींनी अण्णासाहेब कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला १९२० मध्ये पंधरा लाख रुपये देऊ केले आणि विद्यापीठाला आपल्या आईचं नाव मागितलं. एसएनडीटी म्हणताना आपण त्या नाथीबाई दामोदर ठाकरसींचंच नाव घेतो. उलट जमशेटजी टाटांनी १८९८ मध्ये मुंबईतल्या चौदा इमारती आणि चार जमिनी, जवळपास निम्मी मालमत्ता, विज्ञान संशोधनाच्या संस्थेसाठी काढून ठेवली. संस्था उभी राहिली त्यांच्या मृत्यूनंतर, १९०९ मध्ये, बंगळुरूला. नावात टाटा नाही, पण तिथले रिक्षावाले अजून तिला टाटा इन्स्टिट्यूटच म्हणतात. पुण्याला आयुका या खगोलविज्ञान केंद्रात मुलांसाठी विज्ञान शोधिकेची एक इमारत आहे, 'पुलस्त्य' नावाची. सुनीताबाई देशपांड्यांच्या देणगीतून झालेली. एका ताऱ्याचं नाव, आणि त्यात पुलं बसलेले. नाव द्यायचंच तर इतकं झाकून द्यावं.

ही झाली मोठी माणसं. आमच्यासारख्यांच्या दानाची धाव पंख्यापर्यंत. गावातल्या कुठल्याही देवळात आडवं पडून वर बघावं. पंख्याच्या पात्यांवर 'कै. अमुक तमुक यांच्या स्मरणार्थ' असं लिहिलेलं असतं. पंखा बंद असताना ते वाचता येतं, म्हणजे दात्याला कीर्ती हवी असेल तर भक्ताने उकाड्यात बसायला हवं. भिंतीवरचं घड्याळ कुणाच्या तरी मातोश्रींच्या स्मरणार्थ असतं आणि ते बंद पडलेलं असतं. दुरुस्त करणाऱ्याचं नाव लिहायची पद्धत नसल्याने ते कुणी दुरुस्त करत नाही. माझं मत असं की आपल्याकडे देणग्या मुबलक आहेत. 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ या पंख्याला तेल घातले' अशी पाटी लावायची मुभा मिळाली तर निम्म्या संस्था सुरळीत चालू लागतील.

त्याखालोखाल लोकप्रिय प्रकार म्हणजे शाळेतली ठेव. आमच्या आजोबांच्या नावाने घराण्याने १९८५ च्या सुमाराला शाळेत पाच हजार ठेवले. व्याजातून संस्कृतमध्ये पहिल्या येणाऱ्याला बक्षीस. तेव्हा अकरा टक्के व्याज होतं. साडेपाचशे रुपये, म्हणजे पोरगं संस्कृतच्या जोरावर सायकलीपर्यंत पोचत असे. आता साडेसहा टक्क्यांनी सव्वातीनशे होतात. त्यात गाइड येत नाही. मागच्या वर्षीच्या विजेत्याला स्टेजवर बोलावलं, हार घातला, फोटो काढला आणि पाकीट दिलं. हाराची किंमत पाकिटापेक्षा जास्त होती. आजोबांचं नाव अजून दरवर्षी माइकवरून घेतलं जातं, पण मुलं ते ऐकून हसतात. देणगी देणाऱ्याने महागाईचा विचार करावा, असं कुठल्याही धर्मग्रंथात लिहिलेलं नाही.

काकांची दानाची इच्छा कळताच एका वाचनालयाचे अध्यक्ष, एका गोशाळेचे विश्वस्त आणि एका वृद्धाश्रमाचे संचालक येऊन गेले. वृद्धाश्रमवाल्यांनी काकांना आश्रम दाखवायला नेलं. काका परत आले तेव्हा देणगीऐवजी तिथल्या खोल्यांचे दर विचारून आले होते. न्यू जर्सीच्या दादाला हे कळल्यावर त्याने आठवड्यात दोनदा फोन करायला सुरुवात केली. वृद्धाश्रमाने एका कुटुंबाचं कल्याण एक पैसाही न घेता केलं, त्याची पावती मात्र नाही.

वकील म्हणाले, "काका, द्यायचं असेल तर जिवंतपणी द्या. ८०जी खाली आयकरात सूट मिळेल. मृत्युपत्रातून दिलंत तर संस्था पावती फाडेल, पण सूट घ्यायला तुम्ही नसाल." या एका वाक्याने काकांचा परोपकार पाच वर्षं अलीकडे आला. फक्त नोटांनी देऊ नका, दोन हजारांवरच्या रोख देणगीला सूट नाही, हेही त्यांनी लगेच टिपून घेतलं.

मरताना केलेल्या दानाबद्दल कायद्याला जुना संशय आहे. त्याच १९२५ च्या कायद्यात एक कलम ११८ होतं. पुतण्या-भाचा किंवा त्याहून जवळचं कुणी असेल तर धर्मादायासाठीचं मृत्युपत्र मृत्यूच्या किमान बारा महिने आधी केलेलं हवं. शेवटच्या घटकेला उशाशी बसलेल्या धर्मगुरूने नरकाची भीती घालून इस्टेट लिहून घेऊ नये, ही त्यामागची इंग्रजी भीती. ते मुख्यतः ख्रिस्ती समाजाला लागू होतं. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, एका धर्मगुरूंच्याच याचिकेवर, ते घटनाबाह्य ठरवलं. मला त्या कलमाची कल्पना भारी आवडते. दान करायचं असेल तर करा, पण नंतर वर्षभर जगून दाखवा! किती दाते सुधारले असते.

आणि नातेवाइकांचा राग? आल्फ्रेड नोबेलने वकिलाला न विचारता १८९५ मध्ये पॅरिसला स्वतःच्या हाताने मृत्युपत्र लिहिलं आणि जवळजवळ सगळी संपत्ती बक्षिसांना दिली. तो गेल्यावर नातेवाइकांनी हरकती घेतल्या. पहिली पारितोषिकं १९०१ मध्ये दिली गेली. तिथेही कुणीतरी "मला काही नको" म्हणालेलं असणारच.

कागद करायला बसल्यावर सगळ्यात सोपा भाग तोच निघाला. मुद्रांक लागत नाही, साधा कागद चालतो, मराठीत लिहिलं तरी चालतं, नोंदणी केली तर उत्तम पण सक्तीची नाही. सही करताना पाहणारे दोन साक्षीदार लागतात. कठीण होते ते साक्षीदार. ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये असं वकील म्हणाले, आणि सगळे नातेवाईक "मग मी नको" म्हणून बाजूला झाले. काही नको असणाऱ्या माणसांचा निर्धार त्या दिवशी उघडा पडला. काकांचे मित्र तयार होते, पण ते काकांहून मोठे. साक्षीदाराने आपल्यामागे उरायला हवं, ही वकिलांची अट त्यांना अपमानास्पद वाटली. हास्यक्लबमध्ये त्यावरून आठवडाभर कुणी हसलं नाही. शेवटी समोरच्या ब्लॉकमधला एक तरुण आला, पण त्याला आत काय लिहिलंय ते वाचायचं होतं. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, सही पाहिली की झालं, हे समजावल्यावर त्याचा रसच गेला.

डॉक्टरांचा दाखला घेतला. "माणूस शुद्धीवर आहे" असं लिहिण्याआधी डॉक्टरांनी रीत म्हणून विचारलं, "सध्या मुख्यमंत्री कोण?" काकांनी उत्तराऐवजी महाराष्ट्राच्या राजकारणावर अर्धा तास व्याख्यान दिलं. डॉक्टरांनी लिहून टाकलं, पूर्ण शुद्धीवर. मग काकांनी मोठ्याने वाचलं, "हे मृत्युपत्र मी स्वखुशीने, कोणाच्याही दबावाला बळी न पडता करीत आहे." मागे उभ्या असलेल्या काकू म्हणाल्या, "तिथे स्वल्पविराम राहिलाय." काकांनी दिला.

आत काय आहे ते त्यांनी सांगितलं. न सांगण्यातच मजा असते हे त्यांना पटत होतं, पण सांगितलं. फ्लॅट आधी काकूंना, त्यांच्यामागे दोन्ही मुलांना सारखा. मग खरी बाचाबाची सुरू झाली ती पितळी बंबावरून, मोदकपात्रावरून आणि पणजीच्या नथीवरून. लाखांच्या ठेवीबद्दल चकार शब्द न काढणारी माणसं पानाच्या डब्यासाठी कासावीस झाली. ठेवींना आठवणी नसतात. पानाच्या डब्यात अजून चुन्याचा वास होता.

एकाच वस्तूला मात्र वारस मिळाला नाही. केतकरांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश, तेवीस खंड. दादा म्हणाला, विमानात वजन होतं. ताई म्हणाली, घर लहान आहे. आंबेवाल्या भाच्याने हा प्रश्न ऐकूच आला नाही असं केलं. वाचनालयाच्या अध्यक्षांनी हात जोडले, "काका, रोख द्या. पुस्तकं नकोत." सगळ्यांनी पहिल्यांदाच खरं बोलून दाखवलं.

काकांचं मृत्युपत्र पुरं झालं आहे. ते आता दर दिवाळीनंतर त्यात बदल करतात, कारण शेवटचंच ग्राह्य धरतात हे त्यांना कळलं आहे. काकूंच्या मते हा छंद वर्तमानपत्रातल्या कोड्यापेक्षा बरा आहे.

तेव्हा वाचकहो, करायचं असेल तर लवकर करा. पानापानावर सही करा, तारीख घाला, आणि कागद कुठे ठेवला ते निदान दोघांना सांगा. फक्त बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू नका. तुमच्यामागे तो उघडायला बँक नेमका तोच कागद मागेल. साक्षीदार मिळत नसेल तर मला बोलवा. सहीला मी येईन, चहासुद्धा नको. फक्त माझ्या नावावर काही ठेवू नका. ज्ञानकोश तर नकोच नको.